फोन कमी वापरता? मग रिचार्ज कोणता मारायचा, वर्षाला खर्च किती येतो आणि नंबर नेमका कधी बंद पडतो

जुन्नर/आंबेगाव : कॉलेजला जाणाऱ्या पोराच्या फोनला रोज दीड-दोन जीबीचा पॅक लागतो, त्याबद्दल घरात कुणाचं काही म्हणणं नसतं. अडचण होते ती दुसऱ्याच फोनची. मळ्यात राहणाऱ्या आईचा बटणाचा फोन. मुंबईला असताना घेतलेलं आणि आता ड्युअल सिम फोनमध्ये नुसतं पडून असलेलं दुसरं कार्ड. विहिरीवरच्या मोटरच्या मोबाईल स्टार्टरमध्ये टाकलेलं सिम. या फोनवरून दिवसाला एखादा कॉल होतो, कधी तोही होत नाही. तरी महिना भरला की मेसेज येतो, ‘तुमचा प्लॅन संपत आहे’. मग दुकानात जाऊन ‘सगळ्यात कमीचा मार’ असं सांगितलं जातं आणि दुकानदार मारतो.

गंमत अशी, की सगळ्यात कमीचा रिचार्ज वर्षाच्या हिशोबात बहुतेक वेळा सगळ्यात महाग पडतो. कमी वापराच्या फोनला डेटा किती, मिनिटं किती हा प्रश्नच नसतो. तिथे विकत घ्यायचे असतात दिवस. म्हणून रक्कम बघायच्या आधी व्हॅलिडिटी बघायची आणि रकमेला दिवसांनी भागायचं.

पूर्वी असं नव्हतं

वयस्कर माणसं म्हणतात, ‘आमच्या वेळी दहाचा टाकला तरी फोन चालायचा’, ते खोटं नाही. मे २००३ पासून देशात इनकमिंग फुकट झालं. २००५ च्या अखेरीस कंपन्यांनी ९९९ रुपयांत ‘लाइफटाइम’ कार्डं काढली. त्यात आयुष्यभर इनकमिंग चालू राहील, असं सांगितलं होतं. आयुष्य कुणाचं, गिऱ्हाइकाचं की प्लॅनचं, हे पुढे कळलं. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, बोलणं जवळपास फुकट झालं आणि दर मिनिटाचा हिशोब मागे पडला. त्यानंतर कंपन्यांनी पैसे मिनिटांवर लावायचे सोडून दिवसांवर लावले. २०१८ च्या अखेरीस महिन्याला किमान ३५ रुपयांचा रिचार्ज सक्तीचा झाला. खात्यात बॅलन्स असतानाही फोन बंद करण्याचे मेसेज लोकांना जाऊ लागले, तेव्हा दूरसंचार नियामक ट्रायला कंपन्यांना समज द्यावी लागली.

एकट्या एअरटेलचं उदाहरण घ्या. किमान रिचार्ज जुलै २०२१ मध्ये ७९ झाला, त्याच वर्षी नोव्हेंबरात ९९, २०२३ च्या सुरुवातीला १५५ आणि जुलै २०२४ च्या दरवाढीत २८ दिवसांचा साधा पॅक १७९ वरून १९९ वर गेला. जिओचा तसाच पॅक १५५ वरून १८९ झाला. व्होडाफोन आयडियाही १९९ वर आली. म्हणजे सहा वर्षांत ३५ चे १९९. या काळात आजीच्या फोनचा वापर काही वाढला नाही.

२८ दिवसांचा महिना

वर्षात महिने १२, पण २८ दिवसांचे पॅक लागतात १३. हा तेरावा रिचार्ज कुणाच्या डोक्यात नसतो.

१९९ गुणिले १३ म्हणजे २,५८७ रुपये. दिवसाला सात रुपये अकरा पैसे. बदल्यात मिळतं काय, तर अमर्याद कॉल आणि २८ दिवसांना २ जीबी नेट. बटणाच्या फोनला त्या नेटचा काडीचाही उपयोग नाही.

या २८ दिवसांबद्दल तक्रारी फार झाल्या. जानेवारी २०२२ मध्ये ट्रायने आदेश काढला, की प्रत्येक कंपनीने ३० दिवसांचा किमान एक पॅक आणि दर महिन्याला त्याच तारखेला मारता येईल असाही एक पॅक ठेवलाच पाहिजे. असे पॅक आहेत, पण दुकानात आपणहून कुणी दाखवत नाही. ज्यांची पगाराची किंवा दुधाच्या पेमेंटची तारीख ठरलेली आहे त्यांना ते सोयीचे पडतात. कमी वापराच्या फोनला मात्र ३० दिवसांनीही मोठा फरक पडत नाही. फरक पडतो लांब मुदतीने.

नेट नको असेल तर : बिनडेटाचे पॅक

२३ डिसेंबर २०२४ ला ट्रायने ग्राहक संरक्षणाचे नियम बदलले. ज्यांना नेट नको त्यांच्यासाठी फक्त कॉल आणि एसएमएसचा पॅक प्रत्येक कंपनीने द्यायलाच हवा, असं त्यात आलं. अशा पॅकची मुदत आधी जास्तीत जास्त ९० दिवस ठेवता येत होती, ती ३६५ दिवसांपर्यंत वाढवली. त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये कंपन्यांनी पॅक आणले. पहिले दर जरा जास्त होते, ते काही दिवसांत खाली आणले.

तेव्हा ठरलेले दर असे. एअरटेलचा ८४ दिवसांचा ४६९ ला, त्यात ९०० एसएमएस. वर्षाचा, म्हणजे पूर्ण ३६५ दिवसांचा १,८४९ ला, ३,६०० एसएमएससह. व्होडाफोन आयडियाचे ४७० आणि १,८४९. जिओचा ८४ दिवसांचा ४४८ ला आणि १,७४८ चा दुसरा. रक्कम पुढे बदलत राहते, त्यामुळे मारायच्या दिवशीचा दर विचारूनच घ्या. हिशोबाची रीत तीच राहते.

आता यातली गोम बघा. १,७४८ हा आकडा १,८४९ पेक्षा शंभराने कमी दिसतो. पण जिओचा तो पॅक ३३६ दिवसांचा आहे, म्हणजे २८ दिवसांचे बारा हप्ते. वर्षाचे उरलेले २९ दिवस धरले तर त्याच दराने पूर्ण वर्षाचे सुमारे १,८९९ होतात. म्हणजे कमी दिसणारा पॅक दिवसाच्या हिशोबात थोडा जास्त पडतो. फरक मोठा नाही, ज्यांना जिओचीच रेंज मिळते त्यांनी खुशाल घ्यावा. फक्त ‘वर्षाचा’ म्हणून घेतलेला पॅक अकरा महिन्यांत संपतो, हे आधी माहीत असलेलं बरं.

८४ दिवसांचा पॅक वर्षाला चार मारले तरी २९ दिवस उरतातच. ४६९ च्या दराने पूर्ण वर्षाचे साधारण २,०४० होतात. एकदम १,८४९ द्यायला जड जात असतील तर हा मधला मार्ग. १९९ च्या तेरा रिचार्जपेक्षा वर्षाला साडेपाचशेच्या आसपास वाचतात. एकदम वर्षाचा मारला तर ७३८ वाचतात.

पण हे पॅक फार स्वस्त आहेत असा गैरसमज नको. त्याआधी एअरटेलचा १,९९९ चा वर्षाचा पॅक होता आणि त्यात कॉलबरोबर २४ जीबी नेट मिळायचं. बिनडेटाचा १,८४९ चा आला तेव्हा कमी झाले दीडशे रुपये आणि गेले २४ जीबी. नियमाचा हेतू चांगला होता, गिऱ्हाइकाच्या पदरात मात्र त्यातलं थोडंच पडलं. म्हणून ज्याच्याकडे स्मार्टफोन आहे आणि महिन्यातून चार वेळा व्हॉट्सॲप, कधी सातबारा, कधी हवामान एवढंच बघायचं असतं, त्याने डोळे झाकून बिनडेटाचा घेऊ नये. लांब मुदतीचा, थोड्या नेटचा पॅक किती रुपयांनी जास्त आहे ते आधी विचारावं. बटणाच्या फोनला मात्र बिनडेटाचाच घ्यावा.

बीएसएनएल आणि जिओभारत

दिवसाच्या हिशोबात बीएसएनएल सगळ्यात खाली येतं. त्यांचा १,१९८ चा ३६५ दिवसांचा पॅक खास कमी वापरासाठी निघाला होता. त्यात दर महिन्याला ३०० मिनिटं, ३ जीबी आणि ३० एसएमएस. दिवसाला सव्वातीन रुपयांच्या थोडं वर. ३०० मिनिटं म्हणजे रोज दहा मिनिटं बोलणं. मळ्यातल्या आजीला ते भरपूर होतं, टोमॅटोच्या हंगामात व्यापाऱ्याशी बोलणाऱ्याला चार दिवसही पुरणार नाही.

बीएसएनएलच्या बाबतीत दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक म्हणजे रेंज, त्याबद्दल पुढे आहे. दुसरी म्हणजे रक्कम तीच ठेवून दिवस कमी करायची त्यांची सवय. १०७ चा पॅक कितीतरी लोक ३५ दिवसांचा म्हणून मारायचे. तेवढे दिवस आता मिळत नाहीत. जुन्या आठवणीवर किंवा व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या तक्त्यावर जाऊ नका, मारायच्या दिवशी दिवस विचारा.

जिओभारत हा बटणाचा ४जी फोन जुलै २०२३ मध्ये ९९९ रुपयांत आला. त्याला २८ दिवसांचा १२३ चा वेगळा पॅक ठेवला होता, रोज अर्धा जीबी नेटसह. तेरा रिचार्जचे १,५९९ होतात, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या बिनडेटाच्या वर्षाच्या पॅकपेक्षाही कमी. अट अशी, की तो पॅक त्याच फोनमध्ये चालतो. सिम काढून दुसऱ्या हँडसेटमध्ये घातलं तर हा दर मिळत नाही. घरातला जुना फोन तसाही मोडकळीला आला असेल आणि वाडीत जिओची रेंज असेल तर हा हिशोब करून बघण्यासारखा आहे.

आधी फोन बघा, मग सिम

जिओचं नेटवर्क पहिल्यापासून ४जीचंच आहे. त्यांच्याकडे २जी नाही. त्यामुळे जुन्या बटणाच्या २जी फोनमध्ये जिओचं सिम घातलं तर टॉवरच दिसत नाही. एअरटेल, व्होडाफोन आयडिया आणि बीएसएनएल यांचं २जी आहे, तिथे जुने फोन चालतात. मुलाने पुण्याहून स्वस्तातला पॅक बघून आईचा नंबर पोर्ट केला आणि घरी आल्यावर फोनच चालेना, असा घोटाळा होतो तो यामुळेच. आधी फोन कोणता आहे ते बघावं.

हीच गोष्ट मोटरच्या मोबाईल स्टार्टरची. बाजारातले बरेच जुने स्टार्टर २जीवर चालणारे आहेत. त्यात सिम टाकायच्या आधी त्याच्या पुस्तिकेत किंवा विकणाऱ्याकडे खात्री करा. स्टार्टर नुसता मिस्ड कॉल घेऊन मोटर चालू-बंद करत असेल तर त्या सिमला फक्त इनकमिंग चालू हवं. लाईट आली, फेज गेला हे तो उलटा फोन किंवा मेसेज करून कळवत असेल तर आऊटगोइंगही हवं, आणि मेसेजवाला असेल तर पॅकमध्ये एसएमएस आहेत का ते बघणं आलं. दोन्हीपैकी काहीही असलं तरी पॅक संपला की ऐन उन्हाळ्यात रात्री उठून बॅटरी घेऊन विहिरीवर जावं लागतं. बिबट्याच्या भागात ते काय असतं हे इथल्या माणसाला सांगायला नको. म्हणून स्टार्टरच्या सिमला कधीही २८ दिवसांचा पॅक मारू नये, लांब मुदतीचाच मारावा. ज्यांची मोटर पावसाळ्यात चार महिने बंदच असते त्यांनी दिवाळीच्या आसपास ८४ दिवसांचा मारायला सुरुवात केली आणि असे तीन मारले, तर पाणी द्यायचा बहुतेक काळ निघतो. अधल्यामधल्या महिन्यांत नंबर जिवंत कसा ठेवायचा ते पुढे दिलं आहे.

रेंज

नारायणगाव, मंचर, आळेफाटा, ओतूर, घोडेगाव अशा बाजाराच्या गावी कोणतंही कार्ड घेतलं तरी भागतं. पश्चिम पट्ट्यात तसं नाही. आपटाळ्याच्या पुढे घाटघर-नाणेघाटाकडे, मढच्या पुढे माळशेजकडे, इकडे डिंभ्याच्या वर तळेघर, आहुपे, भीमाशंकरकडे गेलं की डोंगर आडवा येतो. एका वाडीत एक कंपनी चालते आणि खिंड ओलांडली की दुसरीच चालते. तिथे स्वस्त-महाग हा प्रश्न नंतरचा. ज्या कार्डाला घराच्या ओट्यावर कांड्या येतात ते कार्ड.

कंपन्यांनी आपल्या वेबसाईटवर रेंजचा नकाशा टाकायचा, असा ट्रायचा नियम आहे आणि तो नकाशा बघता येतो. पण डोंगराच्या कुशीतल्या घरासाठी नकाशापेक्षा शेजारी खरा. शेजाऱ्याचं सिम आपल्या हँडसेटमध्ये घालून घरात, ओट्यावर आणि गोठ्यात असं तीन ठिकाणी बघा. दुपारी आणि रात्री दोन्ही वेळेला बघा. लाईट गेल्यावर टॉवर किती वेळ चालतो तेही शेजाऱ्याला विचारा, पावसाळ्यात त्याचाच उपयोग होतो.

जाता जाता, खोडदच्या रेडिओ दुर्बिणीचा विषय निघतोच. जीएमआरटी साधारण १५० ते १,४२० मेगाहर्ट्झच्या लहरी टिपते आणि मोबाईलचा ९०० चा बँड नेमका त्यातच येतो. त्यामुळे त्या परिसरात टॉवर हा इतर गावांपेक्षा जरा नाजूक विषय आहे.

नंबर कधी बंद पडतो

कमी वापराच्या फोनमध्ये खरा धोका इथे आहे.

पॅकची मुदत संपली की आधी आऊटगोइंग बंद होतं. काही दिवसांनी इनकमिंगही बंद होतं. किती दिवसांनी, ते प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. नंबर कायमचा जाणं ही त्यापुढची पायरी. ट्रायच्या २०१३ च्या नियमाप्रमाणे ९० दिवसांपेक्षा कमी काळ वापर नसेल तर प्रीपेड नंबर रद्द करता येत नाही. वापर म्हणजे कॉल करणं, कॉल घेणं, नेट चालवणं वगैरे. ९० दिवस काहीच वापर झाला नाही आणि खात्यात २० रुपये किंवा त्याहून जास्त बॅलन्स असेल, तर कंपनीने २० रुपयांपर्यंत कापून नंबर आणखी ३० दिवस ठेवायचा असतो. बॅलन्स शिल्लक असेपर्यंत हे असंच पुढे चालू राहतं. बॅलन्स नसल्याने नंबर बंद झालाच, तर १५ दिवसांच्या आत तो परत चालू करून घेता येतो.

मध्यंतरी व्हॉट्सॲपवर फिरलं, की ‘ट्रायचा नवा नियम, २० रुपयांत फोन चालू’. नियम नवाही नाही आणि त्याचा अर्थही तसा नाही. २० रुपयांत नंबर आपल्या नावावर राहतो. त्या नंबरवर फोन येतील-जातील असं नाही. बंद ठेवलेल्या स्टार्टरच्या सिमला किंवा पडून असलेल्या दुसऱ्या कार्डाला ही सोय चालेल. मळ्यातल्या आईच्या फोनला ती पुरायची नाही.

पुढे काय होतं ते समजून घ्या. रद्द झालेला नंबर किमान ९० दिवस कुणाला दिला जात नाही. त्यानंतर तो नव्या गिऱ्हाइकाला देता येतो. म्हणजे उद्या तोच नंबर नागपूरच्या किंवा कोल्हापूरच्या कुणा अनोळखी माणसाच्या खिशात. इकडे बँकेत, आधारला, पीएम किसानला, लाडकी बहीणला, फार्मर आयडीला, गॅस एजन्सीकडे तो नंबर अजून आजीच्याच नावाने आहे. ई-केवायसीचा ओटीपी आला तर तो तिकडे जाणार. ज्या नंबरने बँकेचं खातं उघडता येतं तो नंबर परक्याकडे गेला, हे घराची चावी बाजारात हरवल्यासारखंच आहे.

यूपीआयच्या बाबतीत आता बंदोबस्त झाला आहे. रद्द झालेल्या आणि दुसऱ्याला दिलेल्या नंबरांची यादी दर आठवड्याला तपासून असे नंबर यूपीआयमधून काढा, असं एनपीसीआयने बँकांना आणि ॲपवाल्यांना सांगितलं असून ते २०२५ च्या एप्रिलपासून लागू आहे. पण आधारचा आणि बँकेच्या वहीतला नंबर आपणच बदलावा लागतो.

म्हणून घरातले सगळे नंबर एकदा कागदावर लिहून काढा. पुढे लिहा, कोणता नंबर कुठे जोडलेला आहे. जो बँकेला आणि आधारला जोडलेला आहे त्याचा पॅक कधीच संपू द्यायचा नाही, मग त्यावरून वर्षात एकही कॉल होवो न होवो. जो कुठेच जोडलेला नाही तो सोडून दिला तरी चालतो. एका घरात असे दोन-तीन फुकटचे नंबर सापडतात आणि त्यांचेच पैसे वाचतात. आपल्या नावावर एकूण किती सिम आहेत हे सरकारच्या संचार साथी पोर्टलवर बघता येतं. ओळखीचं नसलेलं सिम दिसलं तर तिथेच कळवता येतं.

घरातलं वयस्कर माणूस गेल्यावर त्याचा रिचार्ज लगेच थांबवला जातो. तसं करू नये. बँकेतली वारस नोंद, विम्याचे पैसे, सोसायटीचं खातं ही कामं होईपर्यंत तो नंबर चालू असलेला बरा. कामं झाली की मग सोडावा.

छोट्या गोष्टी, पण पैसे इथेच जातात

टॉपअप म्हणजे रिचार्ज नव्हे. दहाचा टॉपअप मारला की ७ रुपये ४७ पैसे बॅलन्स मिळतो, शंभरचा मारला तर ८१ रुपये ७५ पैसे. बाकीचा जीएसटी आणि कंपनीचा आकार. त्याने दिवस वाढत नाहीत. ‘परवा शंभरचा मारला तरी फोन बंद कसा’ या प्रश्नाचं उत्तर हेच. नेटचे छोटे पॅकही मूळ पॅक चालू असेल तरच चालतात.

ओटीपी येणारा मेसेज असतो, त्याला पॅकमधले एसएमएस खर्च होत नाहीत. पण नव्या फोनमध्ये यूपीआय चालू करताना ॲप आपल्या सिमवरून बँकेकडे एक मेसेज पाठवतं. पॅकमध्ये एसएमएस नसतील आणि बॅलन्सही शून्य असेल तर तिथे गाडी अडते, आणि माणसाला वाटतं बँकेनेच अडवलं. त्यासाठी दहाचा टॉपअप पुरतो.

काही कमी रकमेच्या पॅकमध्ये मुदत थोडी असते आणि कॉलला सेकंदावर पैसे लागतात. सेकंदाला अडीच पैसे म्हणजे मिनिटाला दीड रुपया. मुलगी सासरहून फोन करते तेव्हा हरकत नाही, ते इनकमिंग. पण आईनेच मुलीला लावला तर वीस मिनिटांत तीस रुपये उडतात.

बटणाच्या फोनमध्ये चुकून बटण दाबलं जाऊन नेट चालू होतं आणि बॅलन्स कापला जातो. त्या सिमवरून STOP असा इंग्रजीत मेसेज १९२५ ला पाठवला की नेट बंद होतं. न मागता कॉलर ट्यून किंवा क्रिकेटची सेवा लागली असेल तर १५५२२३ वर फोन करून काढता येते.

ॲपवरून रिचार्ज करताना काही ॲप एक-दोन रुपये जास्त घेतात, शेवटच्या पानावरची रक्कम वाचा. पॅक संपायच्या आधी नवा मारला तर उरलेले दिवस पुढे जोडले जातात की नवा पॅक लगेच सुरू होतो, हे कंपनीप्रमाणे बदलतं. विचारून घ्या, नाहीतर चार-पाच दिवस वाया. वर्षाचा पॅक मारला की संपायची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. वर्षभराने ती कुणालाच आठवत नाही, आणि बटणाच्या फोनवर आलेला कंपनीचा मेसेज आजी वाचत नाही.

आणि एक, रिचार्ज संपलेला असला तरी फोनवरून ११२ लागतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे सांगून ठेवा.

कंपनी बदलायची असेल तर

त्याच सिमवरून PORT असं इंग्रजीत लिहून, एक जागा सोडून आपला दहा आकडी नंबर, असा मेसेज १९०० ला पाठवायचा. कोड येतो, तो चार दिवस चालतो. तेवढ्यात आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचं. सिम ज्याच्या नावावर आहे त्यालाच जावं लागतं. आजीचं सिम नातवाच्या नावावर असेल तर नातू लागतो, म्हणून सिम कुणाच्या नावावर आहे ते घरून निघायच्या आधीच बघा. सध्याच्या कंपनीकडे किमान ९० दिवस झालेले हवेत. पॅकमध्ये एसएमएस नाहीत म्हणून पोर्टचा मेसेज अडवता येणार नाही, असं ट्रायने डिसेंबर २०२१ मध्ये सगळ्या कंपन्यांना बजावलं आहे. तसा मेसेज जात नसेल तर कंपनीच्या १९८ वर तक्रार करा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या.

पोर्ट व्हायला कामाचे तीन दिवस लागतात. मुंबईत घेतलेलं सिम असेल तर पाच, कारण मुंबई हे वेगळं सर्कल आहे आणि जुन्नर-आंबेगाव महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये येतात. डबेवाल्यांच्या आणि माथाडी कामगारांच्या घरी असली सिमं हमखास निघतात. जुन्या कंपनीकडे उरलेले दिवस आणि बॅलन्स मात्र सोबत येत नाहीत, म्हणून वर्षाच्या पॅकचे सहा महिने शिल्लक असताना पोर्ट करू नये. पॅक संपत आला की आठवडाभर आधी सुरुवात करावी.

सिम हरवलं म्हणून किंवा ४जी करायचं म्हणून त्याच नंबरचं नवं सिम घेतलं, तर पहिले २४ तास त्यावर एसएमएस बंद असतात आणि सात दिवस पोर्टही करता येत नाही. ज्या दिवशी केवायसीला जायचं आहे त्याच्या आदल्या दिवशी सिम बदलू नये, दुसऱ्या दिवशी ओटीपीच येणार नाही.